विहिरीतल्या बाईचं उरलेलं गाणं

सिनेमाच्या दुसऱ्या भागाला पहिल्याची सर येत नाही, हा आम्हा दोघी बहिणींचा कायदा होता. तो कधी केला ते आठवत नाही. अमरावतीच्या थेटरात आईला मस्का लावून जे सिनेमे आम्ही पाहिले, त्यातल्या ज्याचा म्हणून पुढचा भाग निघाला त्यानं आमचं डोकंच उठवलं. पहिल्यात मेलेला माणूस दुसऱ्यात जिवंत होऊन येतो, हिरॉईन बदललेली असते, आणि गाणी म्हणजे शिळ्या भाताला दिलेली फोडणी. धाकटी म्हणायची, "पोट भरलं ना एकदा? मंग ताट काहून चाटाचं?" मी ब्लाउज शिवते, त्यामुळे माझं म्हणणं माझ्या धंद्यातलं. नीट बसलेली बाही उसवू नये. उसवली की कापडावर सुईची भोकं दिसतातच.

हा कायदा मोडला तो अकोल्यात, एका कार्टूनच्या सिनेमापायी. कार्टून मी म्हणते, माझा मुलगा ॲनिमेशन म्हणतो आणि मला हसतो. हसू दे. त्या सिनेमानं मला जेवढं घाबरवलं तेवढं भुताच्या सिनेमानंही कधी घाबरवलं नाही.

धाकटी लग्न होऊन अकोल्याला गेली होती. नवरा सरकारी कचेरीत, स्वभावानं गरीब, घरात असला तरी असल्यासारखा न वाटणारा. एक मुलगी. मुलगी बालवाडीत होती तेव्हा त्या सिनेमाचा पहिला भाग आला. मी तेव्हा अकोल्यालाच गेले होते, म्हणून तिघी मिळून पाहायला गेलो. विलायती सिनेमा, पण सगळं हिंदीत केलेलं, गाणीसुद्धा.

गोष्ट डोंगरातल्या एका गावाची. गावाच्या चौकात जुनी विहीर आणि विहिरीत एक बाई राहते. दिवे लागायच्या वेळी ती गाते, हाका मारते, पण स्वतःच्या आवाजात नाही. ऐकणाऱ्याचं जे माणूस गेलेलं असेल त्याच्या आवाजात. म्हाताऱ्याला बायको ऐकू येते, पोराला आजी. जो काठावरून वाकून बघतो त्याचा आवाज जातो आणि तो जन्मभराचा मुका होतो. गावातल्या कुंभाराच्या मुलीची आई गेलेली असते. ती रोज संध्याकाळी कानात बोटं घालून बसते. शेवटी एक दिवस तिच्या लक्षात येतं, की विहिरीतला आवाज गाताना दम घेत नाही. जिवंत माणूस कुठंतरी श्वास घेतोच, हा आवाज आपला रिळाचा दोरा सुटावा तसा सुरूच. ही खूण कळल्यावर तिची भीती जाते. सगळं गाव मिळून विहिरीच्या तोंडावर दगड लोटतं. नेमकं त्याच वेळी ती बाई खाली गात असते, पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात. दगड बसतो आणि गाणं ओळीच्या मधेच तुटतं. लगेच ढोल, फुलं, एक बोलणारी बकरी, अख्खं गाव नाचतं आणि सिनेमा संपतो.

पोरांना बकरी आवडली. खरं सांगायचं तर मलाही बकरीच आवडली. धाकटी मात्र बाहेर आल्यावर चप्पल नीट करत पायरीवरच उभी राहिली.

"अन् तिचं गाणं?" ती म्हणाली.

"कोणाचं?"

"विहिरीतल्या बाईचं. ते तर राह्यलंच."

राहिलं तर राहिलं, मी म्हटलं, चेटकीण होती ती. पण धाकटीला कुठलीही अर्धी गोष्ट सहन होत नसे. लहानपणी माझी अर्धवट विणलेली लोकरीची टोपी तिनंच पूर्ण केली होती, नको तितकी मोठी. तसं तिनं ते गाणंही पूर्ण केलं. शब्द नव्हतेच, नुसतं गुणगुणणं. भांडी घासताना ती तुटलेल्या ओळीपर्यंत सिनेमातलं म्हणायची आणि तिथून पुढं स्वतःचं. सूर हळूहळू खाली उतरायचा आणि तळाशी जाऊन बसायचा. तिला लहानपणापासून दमा, त्यामुळे उतरताना अगदी भलत्या ठिकाणी, शेवटच्या पायरीच्या एक पायरी आधी, तिला श्वास घ्यावा लागे. हं, आणि मग शेवटचा सूर. ऐकणाऱ्याला वाटे आता पडते की काय.

तिचा आवाज काही फार गोड नव्हता. पण तो आता कुठंच नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि धाकटी गेली. आलेल्या बायकांनी माझ्या गळ्यात पडून तीच म्हण ऐकवली, माय मरो अन् मावशी उरो. मला त्या म्हणीचा तेव्हा इतका संताप आला की एकीचा हात मी झटकला. माय मरो म्हणजे काय? कोणी मागितलं होतं असं?

पुढं तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. बाई बार्शीटाकळीकडची, तिचंही पहिलं माणूस गेलेलं. सगळे म्हणाले बरं झालं, पोरीला आई मिळाली. मी लग्नाला गेले नाही. शिवणाचं निमित्त सांगितलं, दिवाळीची गर्दी आहे म्हटलं. मनात आमचा जुना कायदाच होता. दुसऱ्या भागाला पहिल्याची सर येत नाही, आणि येऊ पण नये.

पोरगी मला अधूनमधून फोन करायची. तिला नव्या बाईला 'मम्मी' म्हणायला शिकवलं होतं. आई वेगळी आणि मम्मी वेगळी, त्यामुळे कोणाबद्दल बोलते ते लगेच कळायचं. एका संध्याकाळी मी एका गिऱ्हाइकाचं ब्लाउज कापत असताना तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, शाळेचं, मुलींच्या गाण्यांसाठी घरात मातीची भुलाबाई बसवल्याचं. मग एकदम आवाज बारीक केला.

"मावशी, आई स्वयंपाकघरात गाणं म्हणून राहिली."

"मम्मी म्हणते का?"

"नाही. आई."

माझ्या हातातली कात्री कापडात तशीच राहिली. मी विचारलं, "अगं, कोण आई?" ती म्हणाली, "थांब, बोललं की ऐकू येत नाही मले," आणि फोन ठेवून दिला.

त्या दिवशी मी ठरवलं की पोरीला अमरावतीला घेऊन यायचं. पोरगी त्या घरात भ्रमिष्ट होत चालली आहे, अशी माझी खात्री झाली. मुलगा शिकायला बाहेर गेल्यानं त्याची खोली रिकामीच होती. ती झाडून घेतली, पडदे लावले. ओळखीच्या बाई एका शाळेत आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलं. नवरा म्हणाला, बाप आहे ना तिला. मी म्हटलं, बाप असून नसल्यासारखा. मग अकोल्याला फोन लावला. पोरीचा बाप म्हणाला, "ताई, पोरगी म्हणन तसं. तिले यायचं असन तर मी आडवा येत नाही."

त्याच सुमारास त्या सिनेमाचा दुसरा भाग लागला होता. पोरीला तो दाखवायचा म्हणून येते, असं मी सांगितलं. पिशवीत तिच्यासाठी शिवलेला नवा फ्रॉक घेतला आणि बडनेऱ्याहून गाडीत बसले.

घरी पोचले तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या आणि त्या बाजूचे लाईट गेले होते. आश्विनातली ती चिकट गरमी. फाटक ढकलून आत गेले, दार उघडंच होतं. बैठकीत काळोख. कोपऱ्यात पाटावर मातीच्या भुलाबाई आणि भुलोजी, त्यांच्यापुढं एक पणती, आणि पणतीमुळं दोघांचे डोळे हलल्यासारखे वाटत होते. भिंतीवर धाकटीचा फोटो होता, पण काळोखात नुसती चौकट दिसत होती. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आतून गाणं ऐकू आलं.

भांडी घासल्याचा आवाज आणि त्याच्यावर गाणं. ते तेच होतं, विहिरीतल्या बाईचं. मी जागच्या जागी थांबले. म्हटलं, पोरीनं सिनेमाचं गाणं लावलं असेल. मग ती तुटकी ओळ आली, आणि गाणं तुटलं नाही. पुढं गेलं. धाकटीच्या वाटेनं, तसंच खाली खाली उतरत. मी स्वतःलाच म्हटलं, आता दम घेणार नाही, आवाज तिचा नाही, हा दम घेणार नाही. शेवटच्या पायरीच्या एक पायरी आधी, नेमकं त्या भलत्याच ठिकाणी, आतल्या काळोखात कोणीतरी श्वास घेतला. हं.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. अंगावर काटा येतो असं आपण सहज म्हणतो. माझ्या तर डोक्यावरचे केस ओढल्यासारखे झाले.

मेणबत्ती घेऊन एक बाई बाहेर आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, ओले हात पदराला पुसत. धाकटीसारखी कुठूनच नाही. "या ताई," ती म्हणाली, "गाडीले लेट झाला का? पोरगी तुमच्यासाठी दुपारपासून फाटकावर होती, आताच शेजारी गेली भुलाबाईले." आवाजही वेगळाच, जाडसर. मी तिच्याकडं बघत राहिले. तिच्या हातातल्या उजेडात तिची सावली मागच्या भिंतीवर त्या फोटोच्या चौकटीवर पडली होती आणि ती बोलताना हलत होती. मी पाणी मागितलं.

रात्री झोप लागली नाही, एवढंच सांगते. सकाळी पोरीच्या वेण्या घालायला बसले तेव्हा तिनं आपणच विषय काढला. माझ्याकडं पाठ होती तिची.

"मावशी, तूनं काल ऐकलं ना?"

"हो."

"मी पण रोज ऐकते. मम्मी दम घेते. आई जिथं घ्याची ना, तिथंच घेते."

"मग?"

"मंग काय मालूम," ती म्हणाली. "विहिरीतली बाई तर दम घेत नाही. सिनेमात असं नव्हतं."

मी वेणी घट्ट ओढली, तशी ती कळवळली. पोरगी घाबरलेली नव्हती, हे मला जास्त भीतीदायक वाटलं. ती एखादं गणित सुटत नाही असं बोलत होती. मी मनाशी म्हटलं, आता हिला घेऊनच निघायचं.

दुपारच्या खेळाला आम्ही तिघी गेलो. ती बाई येणार हे मला नको होतं, पण पोरीनं तिचं तिकीट बापाकडून आधीच काढून घेतलं होतं. पोरीला पुढच्याचं डोकं आडवं येतं म्हणून ती कडेच्या खुर्चीवर बसली. मधे मी आणि माझ्या पलीकडं ती बाई. मला आवडलं नाही, पण अंधारात जागा कुठं बदलत बसणार.

आता त्या सिनेमाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते म्हणून घेते. दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला आहे. थोडाथोडका नाही, बराच. थेटरातल्या पोरांना तसं वाटलं नसावं, कारण बकरी एकदाच येते आणि एक शब्द बोलून निघून जाते. मागच्या रांगेतलं एक पोरगं सारखं विचारत होतं, बकरी कुठं गेली. गाणी कमी आहेत. पहिल्यात गोष्ट थांबवून गाणं व्हायचं. गाणं संपलं की गोष्ट जिथल्या तिथं. यात एकेका गाण्यात माणूस सुरुवातीला एक असतो आणि शेवटी दुसराच होतो. रंगही उतरवलेले, दिवेलागणीनंतरच्या आभाळासारखे.

पण खरं काम केलं आहे ते गोष्टीत. दगड बसून वर्षं झाली. गावात कोणी मुकं होत नाही. मात्र लोक हळूहळू गाणी विसरायला लागतात. आधी शब्द, मग चाली, आणि मग आपल्या गेलेल्या माणसांचे आवाज कसे होते तेच कोणाला आठवेना. म्हातारा बायकोचा फोटो समोर घेऊन बसतो, ओठ हलतात, पण ऐकू काहीच येत नाही. चौकात सगळं गाव बसलेलं आहे आणि पडद्यावर आवाजच नाही, असा एक लांबच लांब तुकडा आहे. थेटरातले पंखे ऐकू यायला लागले. बकरीवालं पोरगंसुद्धा गप्प झालं. पहिल्या भागातल्या हाकांपेक्षा त्या शांततेची मला जास्त भीती वाटली, कारण ती मला ठाऊक होती. धाकटी गेल्यावर वर्षभरातच मी तिचा आवाज आठवायला जायचे आणि माझाच आवाज यायचा.

कुंभाराची मुलगी आता मोठी झालेली आहे. ती दगड बाजूला करते आणि विहिरीत उतरते. खाली मडक्यांच्या रांगा, प्रत्येकात एकेक आवाज. ती बाई चोर नव्हतीच. लोकांनी टाकलेले, विसरलेले आवाज ती सांभाळत होती. वाकून बघणाऱ्याचा आवाज जायचा तोही भीतीनं सुटून पडलेला, तिनं तोसुद्धा उचलून ठेवला होता. परत मागायला कोणी आलं नाही. मुलगी तिला विचारते, तू गाताना दम का घेत नाहीस? ती म्हणते, एका दमात धरला तरच आवाज राहतो, मी श्वास घेतला की निसटतो.

पहिल्या भागातली जी खूण आम्हाला राक्षसाची वाटली होती, ती दुसऱ्यात अशी उलटली. नवं काही जोडलं नाही. जी शिवण पहिल्यात कच्ची राहिली होती, तिथूनच उसवलं आणि पुन्हा घातली. इतकी वर्षं शिवण करून मला हे कळायला हवं होतं, की काही कपडे उसवल्याशिवाय बसत नाहीत.

मग मुलगी तिच्याजवळ बसते आणि म्हणते, तू घे दम, तोवर मी धरते. आणि ते गाणं सुरू झालं. तेच, अर्धं राहिलेलं. तुटक्या ओळीपर्यंत आलं आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. ओळ पुढं गेली. सूर खाली उतरायला लागला. हळूहळू, पायरी पायरीनं, धाकटीनं उतरवला होता तसाच.

मी शपथेवर सांगणार नाही. कदाचित त्या सुराला उतरायला दुसरी वाटच नसेल, ज्याला कान आहे तो तिथूनच उतरेल. कदाचित मला तेच ऐकायचं होतं म्हणून ऐकू आलं. पण माझ्या दोन्ही बाजूंनी, सिनेमातल्या बाईच्या किंचित आधी, बारीक आवाजात कोणी गुणगुणत होतं. शेवटच्या पायरीच्या एक पायरी आधी पडद्यावरची बाई थांबली नाही, सरळ गेली. माझ्या डाव्या कानाशी पोरीनं श्वास घेतला. उजव्या कानाशी त्या बाईनं घेतला. एकाच वेळी, एकाच जागी. आणि मधे बसलेल्या मी पण घेतला होता, हे मला तो सोडल्यावर कळलं.

त्या अंधारात आम्ही चौघी होतो असं मला वाटलं. आजही वाटतं. मी वळून कोणाकडं पाहिलं नाही.

शेवटी नाच नव्हता. गावातला म्हातारा विहिरीच्या काठाशी बसून नुसता ऐकतो आणि हसतो, तिथंच संपलं.

बाहेर रिक्षाची वाट पाहताना ती बाई आपणच बोलली. "ताई, ते गाणं असं सरळ हाय होय? मले वाटलं तिथं थांबाचंच असते."

"तुम्हाला कोणी सांगितलं थांबायला?"

"हिनंच शिकवलं," ती पोरीकडं बघून म्हणाली. "मी नवी आली तवा जेवत नव्हती ही. म्हणे, भांडे घासताना गाणं पाहिजे. मले काय गाणं येते? मंग हिनंच एक एक ओळ सांगितली. तिथं श्वास नाही घेतला तर रागावते, पुन्हा पयल्यापासून म्हणाले लावते." ती जरा ओशाळली. "माह्या आवाजात काय जमते ते. पण ही डोळे मिटून ऐकते."

पोरगी रस्त्याकडं बघत उभी होती, जणू काही दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं आहे. मला त्या बाईचा राग यायला हवा होता. राग आला तो माझा. माझ्याजवळ धाकटीचा दम होता, इतकी वर्षं होता, आणि मी तो एकदाही घेतला नव्हता.

तरीसुद्धा मी हट्ट सोडला नाही. मनाला पटलं तरी हातानं भरलेली पिशवी माणूस लगेच रिकामी करत नाही. पोरीचे चार कपडे मी माझ्या पिशवीत घातले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलनीतल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणायला या घरी येणार होत्या. ते आटपलं की पोरीला विचारायचं आणि सकाळी निघायचं, असं ठरवलं.

मुली आल्या, गोल करून बसल्या, गाणी झाली. आता सिनेमातली चालही मधेच घुसडतात, चालायचंच. गाणी संपली की खिरापत ओळखायची. घरातल्या बाईनं डब्यात काय केलं आहे ते दाखवायचं नाही. डबा हलवून वाजवायचा आणि मुलींनी गोड का तिखट विचारत ओळखायचं. नाही आलं तर मुलींनी 'हरलो' म्हणायचं, मग झाकण उघडतं. ज्या घरची खिरापत ओळखू येत नाही त्या घराचा मान मोठा.

ती बाई आतून डबा घेऊन आली. पितळी, कडेला चेपलेला. मी ओळखला. आमच्या आईचा. धाकटीनं लग्नात हट्टानं मागून नेलेला. तिनं तो मुलींच्या मधे धरला आणि हलवला.

खडखडखड.

लाईट होते, घर माणसांनी भरलेलं होतं, तरी माझी नजर आधी भिंतीवरच्या फोटोकडं गेली. तो आवाज चिंचोक्यांचा होता. ही धाकटीची लबाडी. मऊ काहीतरी करायचं, शिरा, लापशी, ते वाटीत झाकून डब्याच्या मधोमध ठेवायचं आणि भोवती चिंचोके टाकायचे. मुली बिचाऱ्या फुटाणे, दाणे, चिरोट्याचे तुकडे म्हणत बसायच्या. लहानपणी ही युक्ती फक्त आम्हा दोघींना ठाऊक होती आणि कितीही मुली मागं लागल्या तरी मी कधी फोडली नाही. तिला जिंकू द्यायचे.

मुली ओरडत होत्या, फुटाणे, शेंगदाणे, साखरफुटाणे. बाई मान हलवत होती आणि डबा पुन्हा पुन्हा वाजवत होती. मी पोरीकडं पाहिलं. पोरगी माझ्याकडंच बघत होती. तिला पहिल्या खडखडाटातच कळलं होतं. तिच्या आईनं तिला सांगितलेलं असणारच. तिनं तोंड उघडलं असतं तर ती जिंकली असती, सगळ्या मुलींत तिचं नाव झालं असतं. ती माझ्यावरची नजर न काढता बसून राहिली. मग सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्यांदा तीच म्हणाली, "हरलो."

मम्मीचा चेहरा असा फुलला की काय सांगू. झाकण उघडलं. वाटीत लापशी होती आणि भोवती काळे-तांबडे, वाळून चकाकणारे चिंचोके.

मुली खायला लागल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि तिला विचारलं, ही युक्ती पोरीनं सांगितली का? "नाही बा," ती म्हणाली. "डबा वर फळीवर होता. ताई गेल्यापासून कोणी काढलाच नव्हता म्हणे. मी काढला तर आतच होते हे. मले वाटलं इकडं असेच ठेवत असतीन, उगाच काहून फेकाचे. म्हणून मधात वाटी ठेवली." मग घाबरून म्हणाली, "चुकलं का काही?"

म्हणजे ते धाकटीच्या हातचेच. तिनं शेवटच्या भुलाबाईला टाकलेले.

मी चुकलं नाही म्हटलं, आणि तिच्या ओट्याशी उभी राहून रडले. तिला काही कळलं नाही. तरी तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, ओलाच.

पोरीला मी काही विचारलं नाही. विचारायचं उरलंच नव्हतं. रात्री तिचे कपडे माझ्या पिशवीतून काढून कपाटात ठेवले. शिवून आणलेला नवा फ्रॉक फक्त सगळ्यांच्या वर ठेवला. सकाळी निघताना ती फाटकापर्यंत आली आणि माझ्या मुठीत एक चिंचोका कोंबला.

"एक तुले," ती म्हणाली. "बाकीचे डब्यातच राहू दे, मम्मीले लागतात."

तो मी मशीनच्या खणात टाकला आहे, बटणांच्या डबीत नाही, मोकळाच. मशीन चालवलं की खणात खडखडतो. कधी मशीन बंद असताना, दिवे लागायच्या वेळी, वाजल्यासारखा वाटतो. मी उठून बघत नाही. गिऱ्हाईक माप देता देता कान देतं आणि विचारतं, ताई, मशीनमधे काय वाजून राहिलं?

मी म्हणते, ओळखा.